समुद्रातील सूक्ष्म प्राणी आणि आपले ऋतू

‘अन्नसाखळी’ हा पाठ शिकविताना गवत, हरिण आणि वाघ यांचे चित्र फळ्यावर काढण्याची आपल्याकडे रीत आहे. चित्र चुकीचे नाही. परंतु थळ, रेवदंडा, मुरुड, दिघी किंवा श्रीवर्धन येथील कोळीवाड्यातून शाळेत येणाऱ्या मुलाने वाघ पाहिलेला नसतो. त्याने जवळा पाहिलेला असतो, बोंबील पाहिलेला असतो. बोंबील कापताना त्याच्या पोटात निघालेला जवळाही पुष्कळदा पाहिलेला असतो. अन्नसाखळीची दोन कडी त्याच्या घरातच आहेत. उरलेली कडी डोळ्यांना सहज दिसत नाहीत, आणि ती दाखवून देणे हे शिक्षकाचे काम होय. प्रस्तुत लेखात या न दिसणाऱ्या कड्यांचा, विशेषतः ऋतूंनुसार त्यांत होणाऱ्या बदलांचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. आपल्या किनाऱ्याचे वर्ष ज्याने त्याने पुस्तकावरून शिकविले, तर पुस्तकातील वर्ष आणि खाडीतील वर्ष यांचा मेळ बसत नाही, हे पुढे ध्यानी येईल.

समुद्राच्या पाण्यात असंख्य जीव असे आहेत की, प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याचे बळ त्यांच्या ठायी नसते. पाणी नेईल तिकडे ते जातात. अशा जीवांस ‘प्लवक’ म्हणतात. १८८७ साली व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी ‘प्लँक्टन’ हे नाव रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भटकणारा’ असा आहे. यांपैकी जे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करतात ते वनस्पतिप्लवक, आणि जे त्यांना अथवा एकमेकांना खाऊन जगतात ते प्राणिप्लवक. वनस्पतिप्लवकांत काचेसारख्या वाळूमय कवचाचे डायाटम प्रमुख. प्राणिप्लवकांत कोपेपॉड नावाच्या प्राण्यांची संख्या बहुतेक ठिकाणी सर्वांत अधिक असते. कोपेपॉड म्हणजे वल्ह्यासारखे पाय असलेला. तो कोलंबीचा दूरचा नातलग असून साधारणतः खसखशीच्या दाण्याएवढा, किंवा त्याहूनही लहान असतो. पेल्यातील पाणी उजेडाकडे धरले असता जो ठिपका झटक्यासरशी उडी मारल्यासारखा हलतो, तो बहुधा हाच.

काही प्राणी जन्मापासून मरेपर्यंत प्लवकच राहतात; कोपेपॉड त्यांतला. दुसरे काही केवळ बालपणी प्लवक असतात. चिंबोरी, शेवंड, कोलंबी, कालव, तिसऱ्या, तसेच खडकांना आणि होड्यांच्या तळांना चिकटणारे बार्नेकल, या सर्वांची पिल्ले आरंभी पाण्यात तरंगत असतात. चिंबोरीचे पिल्लू तर चिंबोरीसारखे दिसतच नाही. डोक्यावर काटा, मोठे डोळे आणि लांब शेपूट असलेला तो एक वेगळाच जीव वाटतो. ‘बेडकाच्या जीवनक्रमा’बरोबर ‘चिंबोरीचा जीवनक्रम’ शिकविण्यास कोणतीच अडचण नाही. किनाऱ्यावरील मुलांना तो अधिक आवडेल, असे माझे मत आहे.

शास्त्रज्ञ प्लवक कसे गोळा करतात, हे समजावून देण्यासाठी आपल्या मुलांना परदेशी जहाजाचे चित्र दाखविण्याची गरज नाही. आपल्याकडील डोल जाळे त्यांना ठाऊक असते. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळते होत गेलेले, शेवटी बारीक आसाचे; ते प्रवाहाच्या समोर तोंड करून खांबांना बांधतात आणि भरती-ओहोटीचे पाणी त्यातून आपोआप वाहते. खाडीतील लहान बोकशीही याच जातीची. प्लवकांचे जाळे म्हणजे अत्यंत बारीक विणीचे लहानसे डोल जाळेच होय. फरक इतकाच की, ते होडीमागून ओढतात, आणि त्याच्या शेपटाला बाटली बांधलेली असते. डोल जाळ्यात जो जवळा येतो, तो स्वतः प्राणिप्लवकांतच मोडतो. प्लवकांतील तो राक्षस म्हणावा. त्याची लांबी दोन-तीन सेंटिमीटर, आयुष्य वर्षाच्या आतले. कोपेपॉड व इतर बारीक जीव खाऊन तो वाढतो आणि स्वतः बोंबलाच्या पोटात जातो. डायाटम, कोपेपॉड, जवळा, बोंबील, माणूस, अशी ही आपली साखळी आहे.

आता ऋतूंकडे वळू. इंग्रजी पुस्तकांवरून तयार झालेल्या पाठांत समुद्रातील वर्ष वसंत ऋतूपासून सुरू होते. उत्तर युरोपच्या समुद्रात ते तसेच आहे. तेथे हिवाळ्यात पाणी अतिशय थंड व दिवस तोकडे. वसंतात ऊन वाढताच डायाटमांची एकदम भरभराट होते. नॉर्वेकडील कॅलॅनस नावाचा कोपेपॉड हिवाळाभर खोल पाण्यात जवळजवळ निद्रिस्त राहतो आणि वसंतात वर येऊन अंडी घालतो. आपल्या किनाऱ्याच्या पाण्याचे तापमान मात्र वर्षाकाठी सुमारे २४ ते ३० अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान फिरते. येथे थंडीने कोणी झोपी जात नाही. येथील वर्ष पाण्याच्या उष्णतेने फिरत नाही. ते पावसाने, म्हणजेच खारेपणाने, गाळाने आणि नद्यांनी आणलेल्या क्षारांनी फिरते. ही एक गोष्ट शिक्षकाच्या मनात पक्की झाली की, बाकीचा पाठ सोपा होतो.

अलिबाग येथे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाताळगंगा व अंबा यांचे पाणी धरमतरच्या खाडीत, कुंडलिकेचे रेवदंड्यास, सावित्रीचे बाणकोटास उतरते. वैशाखात ज्या खाडीचे पाणी समुद्राइतके, म्हणजे दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम इतके खारे असते, तिच्या वरच्या अंगाला आषाढात पाणी जवळजवळ गोडे होते. पेण-उरणकडील मुलांना हे मिठागरावरून चटकन उमगेल. पावसाळ्यात मिठागर का बंद असते, हे त्यांना सांगावे लागत नाही. अशा गोड्या पुरात समुद्राचे कोपेपॉड टिकत नाहीत. काही प्रवाहाबरोबर बाहेर लोटले जातात, काही मरतात. थोड्या, गोडसर पाण्याला सरावलेल्या जाती मागे उरतात. त्यातच पाणी गढूळ असल्याने ऊन खोल पोहोचत नाही व डायाटमांची वाढ रोडावते. म्हणून ऐन पुरात खाडीतील प्राणिप्लवक अत्यंत कमी झालेले आढळतात.

परंतु येथेच एक चूक होण्याचा संभव असतो. खाडी ओस पडली म्हणजे समुद्र ओस पडला, असे नव्हे. खाडीच्या मुखाबाहेर मोकळ्या समुद्रात वारा व लाटा पाणी ढवळून तळाशी साचलेले क्षार वर आणीत असतात. नद्यांनी आणलेले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेटही तेथवर पोहोचलेले असते. शेताला खत पडावे तसे हे आहे. खत पडले, पण आभाळ झाकलेले आणि पाणी गढूळ. पीक उगवण्यास उघाडीची वाट पाहावी लागते.

ती उघाड भाद्रपदाच्या सुमारास होते. गाळ खाली बसतो, ऊन पाण्यात शिरते, क्षार तर आधीच तयार असतात. डायाटम झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारे. येथे प्राणिप्लवकांच्या प्रजननाची रीत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कारण संख्या कशी वाढते याचे मर्म तीत आहे.

कोपेपॉडाची मादी किती अंडी घालील, हे तिला गेल्या एक-दोन दिवसांत किती अन्न मिळाले यावर फार अवलंबून असते. काही जाती अंडी पाण्यात मोकळी सोडतात. काही जातींच्या माद्या ती अंगाला लोंबणाऱ्या पिशवीत वागवितात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात अंडे साधारणतः दिवसाभरात फुटते. त्यातून निघालेले पिल्लू सहा वेळा रूप पालटते, मग त्याला आईबापांसारखा आकार येतो, आणि पुन्हा पाच पायऱ्या ओलांडून ते प्रौढ होते. हा सर्व प्रवास उष्ण समुद्रातील लहान जातींत दोन-तीन आठवड्यांत, कधी त्याहूनही लवकर पुरा होतो. नॉर्वेच्या कॅलॅनसला यासाठी पुष्कळदा वर्ष लागते.

इयत्ता पाचवीच्या वरच्या वर्गांत याचे गणित मांडावे. समजा, एका मादीने दिवसाला वीस याप्रमाणे दहा दिवसांत २०० अंडी घातली. त्यांतील १९० इतरांच्या पोटात गेली, असे धरू. उरली दहा; त्यांत पाच माद्या. पिढी दोन आठवड्यांची धरली तर दोन महिन्यांत चार पिढ्या होतात. एका मादीच्या जागी पाच, मग २५, मग १२५, आणि शेवटी ६२५. आता २०० पैकी केवळ दोनच जगली असे धरून तेच गणित पुन्हा करावयास लावावे. संख्या जागच्या जागी राहते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. तथापि शेकडा एक जगणे आणि शेकडा पाच जगणे यांत केवढे अंतर आहे, हे या हिशेबावरून जितके मनावर ठसते तितके व्याख्यानाने ठसत नाही.

पूर आला तेव्हा जे वाहून गेले, ते परत कोठून आले, असा प्रश्न चौकस मुलगा विचारील. पुष्कळसे भरतीबरोबर बाहेरून येतात. शिवाय काही जातींच्या माद्या प्रतिकूल काळाची चाहूल लागताच जाड कवचाची अंडी घालतात. ती चिखलात बसून राहतात आणि पाणी मानवेल तेव्हा फुटतात. शेतकऱ्याने कणगीत बी राखून ठेवावे, तसा हा साठा. पेनिलिया व इव्हॅडने या नावांचे आणखी काही सूक्ष्म प्राणी तर सुकाळात नराविनाच भराभर पिल्ले देतात, आणि सुकाळ सरत आला म्हणजे नर-मादीच्या संयोगाने अशी राखणीची अंडी घालून नाहीसे होतात.

आश्विन-कार्तिकापासून पुढे खाडीचे पाणी हळूहळू खारे होत जाते आणि समुद्राच्या जाती एकामागून एक आत सरकू लागतात. हिवाळ्यात केव्हा केव्हा रात्री लाटा निळसर उजळलेल्या दिसतात. लोक त्यास नाना कारणे देतात. तो बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचा प्रकाश असतो. पाणी हलले की तो चमकतो. हा जीव डायाटमांबरोबर कोपेपॉडांची अंडीही गिळतो, तेव्हा देखावा रम्य असला तरी कोपेपॉडांच्या दृष्टीने तो सुखाचा नव्हे. चैत्र-वैशाखात खाडी वरपर्यंत खारी होते, आणि पावसाळ्यात मुखाबाहेर असलेले प्राणी आता पार आत आढळतात. त्याच सुमारास घरोघरी आगोटीची बेगमी सुरू होते व सुकटीचे डबे भरले जातात.

आता जो प्रश्न किनाऱ्यावरील शिक्षकास हटकून विचारला जातो, त्याकडे येतो. महाराष्ट्र राज्याने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला, आणि त्यान्वये पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. अलीकडील वर्षांत ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची राहिली आहे. ‘या काळात मासे अंडी घालतात म्हणून बंदी’ असे एक वाक्य आपण वर्गात सांगून मोकळे होतो. एका शाळेस भेट दिली असता सहावीतील एका मुलाने उभे राहून विचारले, “गुरुजी, मग आमच्या घरी थंडीतही गाभोळी कशी असते?” वर्ग हसला. पण मुलाचे म्हणणे खरे होते. बोंबलासारखे काही मासे कमी-अधिक प्रमाणात वर्षभर अंडी घालतात. ज्याची आई रोज मासळी साफ करते, त्याला अर्धे सत्य सांगून भागत नाही. त्याचा एकदा शिक्षकावरील विश्वास उडाला की, कायद्यावरचाही उडतो.

खरे उत्तर प्लवकांत आहे. अंडे घालणे ही त्यातली सोपी बाजू. अंड्यातून निघालेल्या माशाच्या पिल्लाजवळ बलकाची शिदोरी दोन-चार दिवसांची असते. ती संपण्याच्या आत त्याच्या तोंडात मावेल असे अन्न, म्हणजे मुख्यतः कोपेपॉडांची बारीक पिल्ले, आसपास विपुल असली पाहिजेत. नसली तर लाखो अंड्यांतून निघालेली पिल्ले उपाशी मरतात. नॉर्वेचे योहान योर्ट यांनी १९१४ साली हा विचार मांडला. एखाद्या वर्षी मासळी उदंड, एखाद्या वर्षी नाही, याचे एक कारण त्यांनी पिल्लांच्या या पहिल्या दिवसांत शोधले. पुढील संशोधकांनी त्यात अन्य कारणांची भर घातली आहे; भक्षक, प्रवाह यांचाही हात असतो. पण मूळ सूत्र टिकून आहे. आपल्याकडे पावसाळा व त्यानंतरचे दिवस हे पुष्कळ जातींच्या पिल्लांना अन्न मिळण्याचे दिवस आहेत. समुद्रात जन्मलेल्या कित्येक कोलंब्यांची पिल्ले खाडीत, तिवरांच्या मुळांशी येऊन वाढतात आणि मोठी झाल्यावर परत समुद्रात जातात. त्या काळात जाळे कमी पडले तर अधिक पिल्ले हाती लागण्याजोगी मोठी होतात. खवळलेल्या समुद्रात मनुष्यहानी होऊ नये, हा बंदीचा दुसरा हेतूही तितकाच खरा आहे आणि तो लपवू नये.

तेव्हा मुलांना असे सांगावे: गाभोळी वर्षभर दिसते, पिल्लांना पोटभर अन्न मात्र वर्षभर सारखे मिळत नाही. बारीक आसाच्या जाळ्यात जवळ्याबरोबर इतर माशांची पिल्लेही येतात, हेही सांगावे. पण बापाच्या जाळ्याविषयी मुलाच्या मनात लाज उत्पन्न होईल अशा रीतीने सांगू नये. दोन महिने घरात मिळकत नसणे म्हणजे काय, हे त्या मुलास आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

ही माहिती केवळ परदेशातून आलेली नाही. १९२० च्या दशकात हॉर्नेल व नायडू यांनी मलबार किनाऱ्यावर तारलीचा आणि तिच्या खाद्य प्लवकांचा अभ्यास केला. मुंबईत डी. व्ही. बाळ व एल. बी. प्रधान यांनी १९४० च्या दशकात बंदराच्या पाण्यातील प्लवक, माशांची अंडी व पिल्ले तपासली. १९६० ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली, तेव्हा गोळा झालेल्या प्राणिप्लवकांची निवड व मोजणी कोचीन येथील केंद्रात झाली. त्याच कार्यातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिच्या मुंबई केंद्रातील अभ्यासकांनी आपल्या धरमतर खाडीतील प्राणिप्लवकांचीही पाहणी केली असून तीत कोपेपॉडांचेच प्राबल्य आढळले आहे.

शाळेत करण्याजोगे काम अल्प खर्चाचे आहे. तारेच्या कड्यास मलमलीची निमुळती पिशवी शिवावी व टोकास औषधाची लहान बाटली घट्ट बांधावी. धक्क्यावर उभे राहून भरतीच्या प्रवाहात ती दहा मिनिटे धरावी. बाटलीतील पाणी काचेच्या पेल्यात ओतून मागे काळा कागद धरावा आणि भिंगातून पाहावे. खोलीत अंधार करून पेल्याच्या एका अंगास विजेरी लावली तर पुष्कळ प्राणी उजेडाकडे गोळा होतात. मुलांचा आनंद पाहण्यासारखा असतो.

दर महिन्यास हे काम एकाच तिथीस व भरतीच्या एकाच अवस्थेत करावे, नाहीतर तुलना फसते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची आपल्याकडील जुनी रीत येथे उपयोगी पडते. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे दशमीस सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. तेव्हा सातच्या आसपास, पाणी अजून चढत असता, जाळे धरावे. दशमीस भांगाचा जोर नुकताच सरत असल्याने पाणीही फारसे ओढीचे नसते. त्याच वेळी अर्धा लिटर पाणी आणून शिक्षकांनी स्वतः ते आटवावे व उरलेले मीठ तोलावे. वैशाखात ते सतरा-अठरा ग्रॅमच्या आसपास भरेल, श्रावणात किती भरते ते मुलांनाच पाहू द्यावे. वहीत तिथी, पाऊस, पाण्याचा रंग, मिठाचे वजन आणि एका चमच्यात दिसलेले हलते ठिपके, एवढीच नोंद पुरे. आषाढात मुलांना धक्क्यावर मुळीच नेऊ नये. त्या महिन्याचे पाणी एखाद्या जाणत्या मच्छीमाराकडून आणवावे. पावसाळ्यात किनाऱ्यास लागलेल्या निळ्या फुग्यासारख्या किंवा छत्रीसारख्या जेलीफिशला हात लावू नये, मेलेल्या असल्या तरीही त्या डसतात.

महाड, पोलादपूर, सुधागड अशा आतल्या भागातील शाळांनी खाडी नाही म्हणून हा पाठ सोडून देऊ नये. गावतळ्याच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा कोपेपॉड बहुधा सापडतोच. भिंगातून मादीच्या शेपटाशी दोन्ही बाजूंस अंड्यांची एकेक पिशवी स्पष्ट दिसते, त्यामुळे प्रजननाचा भाग समुद्रापेक्षाही येथे सोपा जातो. पूर्वी नारूचा रोग याच प्राण्यामुळे पसरत असे. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी न गाळता प्यालेल्या माणसाच्या पोटात नारूची अळी सायक्लॉप्समधून जाई. भारतातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. तळ्याचे तेच पाणी दुहेरी कापडातून गाळून पुन्हा भिंगाखाली धरावे, आणि कापडावर काय उरले व पेल्यात काय उरले, हे मुलांकडून मोजून घ्यावे.